दोन ठिपक्यांचा आधार

निन्टेंडोच्या ‘वी’ या खेळयंत्राचा रिमोट टीव्हीकडे रोखला की पडद्यावरचा छोटा हात आपल्या मनगटासोबत फिरू लागतो. बघणाऱ्याला वाटतं, रिमोटला पडदा दिसतो. पण रिमोटच्या तोंडाशी जो बारीक कॅमेरा असतो, त्याच्यापुढे गडद काच असते आणि ती फक्त अवरक्त प्रकाश आत सोडते. रंगीत चित्र, भिंत, समोर बसलेली माणसं, हा सगळा त्याच्यासाठी अंधार. टीव्हीजवळ ठेवलेल्या पट्टीच्या दोन टोकांना, वीतभर अंतरावर, अवरक्त एलईडींचे दोन झुबके असतात. तेवढे दोन ठिपके त्याला दिसतात. ठिपके कुठे आहेत हे तो १०२४ बाय ७६८ च्या चौकटीत मोजतो आणि ब्लूटूथने यंत्राला कळवतो. पट्टी काहीही मोजत नाही, काहीही कळवत नाही. जागा न सोडता उजेड देत राहणं एवढंच तिचं काम.

आमच्या लोधीखेड्याच्या घरी हे उमगलं ते उंदराने पट्टीची वायर कुरतडली तेव्हा. छिंदवाड्याहून सुट्टीत आलेला भाचा हिरमुसला होता. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना तेलाचे दिवे लावले, पंखा बंद केला, आणि पडद्यावरचा हात हलू लागला. ज्योतीतून निघणाऱ्या ऊर्जेचा फार मोठा भाग डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त असतो. विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून आलेल्या सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात, तांबड्या रंगाच्याही पलीकडे, थर्मामीटर ठेवला; तिथे काहीच दिसत नव्हतं, तरी पारा चढला. तोच प्रकाश आमच्या टीव्हीशेजारच्या वातींतून येत होता. दुपारी खिडकीतून मे महिन्याचं ऊन आत आलं की मात्र रिमोट गोंधळायचा, कारण सूर्यही त्याच्यासाठी एक ठिपकाच.

मग भाच्याने आपला न्यू निन्टेंडो थ्रीडीएस पुढे आणला. २०१४ साली आलेल्या या हातातल्या यंत्रात, आतल्या कॅमेऱ्याजवळ, एक छोटा अवरक्त दिवा असतो. अंधुक उजेडातही खेळणाऱ्याचे डोळे कुठे आहेत ते कळावं आणि थ्रीडी चित्र स्थिर राहावं, म्हणून तो दिला आहे. तो दुसऱ्या यंत्राच्या कामी यावा असं तो करणाऱ्याच्या मनातही नसेल. पण रिमोटला दिवा कुणाचा आणि कशासाठी, याच्याशी देणंघेणं नाही. एका बाजूचा तेलाचा दिवा काढून तिथे थ्रीडीएस उघडून ठेवला आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

भाच्याने विचारलं, “मामाजी, दोन काहून पाहिजेत? एकानं काहून भागत नाही?”

एका ठिपक्यावरून कळतं ते इतकंच, की तो समोर आहे की बाजूला. दोन असले की त्यांच्यामधलं अंतर लहान दिसतं की मोठं, यावरून आपण किती लांब उभे आहोत ते कळतं. त्यांना जोडणारी रेघ तिरपी दिसली तर आपला हात किती कलला आहे तेही कळतं. २००७ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जॉनी चुंग ली याने हीच मांडणी उलटी केली. रिमोट पडद्याशी स्थिर ठेवला आणि दोन अवरक्त दिवे चष्म्यावर लावून स्वतःच्या डोक्यावर चढवले. तो हलला की पडद्यावरचं दृश्य खिडकीबाहेरच्या देखाव्यासारखं बदलायचं. कुणी स्थिर राहायचं आणि कुणी हलायचं, ते बदलता येतं. दोन ठिपके मात्र सुटत नाहीत.

भाच्याला उत्तर देताना मला आमचा मुलूख आठवत राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. तेव्हापासून सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा इथल्या माणसाची सोयरीक, बाजार आणि दवाखाना नागपूरकडे, कागदपत्रं छिंदवाड्याकडे. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि ती तिकडे गेली. घरात वऱ्हाडी वळणाची मराठी, शाळेत हिंदी. आम्ही धड इकडचे नाही, धड तिकडचे नाही, असं लोक हळहळून म्हणतात. मला ती हळहळ पटत नाही. एकाच राजधानीकडे तोंड करून बसलेल्याला दिशा कळते. आपण तिच्यापासून किती लांब आहोत आणि कुठे कललो आहोत, हे समजायला दुसरं ठिकाण दिसावं लागतं. सीमेवरच्या माणसाला ते जन्मतःच मिळतं.

फक्त दोन्ही ठिपके उजळत राहिले पाहिजेत. भाच्याची हिंदी शाळा सांभाळते, आणि ती चांगली सांभाळते. मराठी तो बोलतो, पण मराठी पुस्तक हातात दिलं की अडखळतो, कारण घरात कुणी त्याच्याबरोबर बसून वाचलेलं नाही. ते काम कुठल्याही सरकारचं नाही, आमचं आहे. या सुट्टीत खेळ झाला की आम्ही दोघं रोज पानभर मराठी मोठ्याने वाचतो, आणि त्याच्या प्रत्येक ‘काहून’ला मी पुरता वेळ देतो.