धारेला आवर

माझ्या खोलीतील आरशाखालच्या फळीवर चार वस्तू गेली चाळीस वर्षे शेजारधर्माने नांदत आहेत : एक पितळी वाटी, दाढीचा ब्रश, तुरटीचा खडा आणि मुलामा झिजून गेलेला एक सेफ्टी रेझर. ब्रश मध्यंतरी दोनतीनदा बदलावा लागला. तुरटी तर विरघळण्यासाठीच जन्मास आलेली. परंतु रेझर तोच आहे. आता विजेवर चालणारी यंत्रे आली, प्लॅस्टिकच्या दांड्याचे तीनतीन, पाचपाच पात्यांचे रेझर आले. घरातील तरुण मंडळी माझ्या या जुन्या सोबत्याकडे पाहून गालातल्या गालात हसतात. त्यांच्या हसण्याचा मला राग येत नाही. मात्र चार बोटांहून थोड्याशाच लांब असलेल्या या अवजाराने मला जे शिकविले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

तुमच्यापैकी कोणालाच अजून दाढी आलेली नाही, आणि वर्गातील मुलींना तर तिची काळजीच नाही. तेव्हा ‘हा विषय आमच्या काय कामाचा?’ असे तुम्ही विचाराल. पण धीर धरा. दाढी हे निमित्त आहे. खरा विषय धारेचा आहे. आणि धारदार वस्तू प्रत्येकाच्या हाती कधी ना कधी येतेच.

माझ्या लहानपणी आमच्या गावात स्वतःची दाढी स्वतः करणारा मनुष्य विरळा. गावचे नाभिक काखेत धोकटी मारून घरोघरी येत. आम्ही मुले त्यांना मामा म्हणत असू. ओट्यावर पोते अंथरून ते धोकटी उघडीत, तेव्हा आम्ही भोवती कोंडाळे करून बसत असू. कात्री, आरसा, वाटी आणि लाकडी मुठीत मिटणारा लखलखीत वस्तरा. तो चामड्याच्या पट्ट्यावर सपसप फिरू लागला की अंगावर काटा येई. माझे केस कापताना मी चुळबुळ केली की मामा म्हणत, “बाळ, हलू नकोस. नाक कोठे आणि कान कोठे हे वस्तऱ्याला कळत नाही, ते मलाच बघावे लागते.”

केवढे खरे होते ते! त्या उघड्या वस्तऱ्याला स्वतःचा असा कोणताच आवर नव्हता. आवर होता तो मामांच्या बोटांत. डाव्या अंगठ्याने कातडी ताणून धरीत आणि उजव्या हाताने वस्तरा टेकवीत ते ज्या सहजतेने काम उरकीत, तिच्यामागे कित्येक वर्षांचा सराव होता.

आणि कधी कधी हा आवर बोटांत नव्हे, तर मनात असावा लागतो. एकोणिसाव्या शतकात काही जातींमध्ये पती निवर्तला की त्याच्या पत्नीचे केस सक्तीने काढून टाकण्याची क्रूर रूढी होती. हे काम वस्तऱ्याकडूनच करून घेतले जाई. १८९० च्या सुमारास मुंबईतील नाभिकांनी ते करण्यास नकार दिला. सत्यशोधक चळवळीतील कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. वस्तरा कोठे चालवावयाचा याबरोबरच तो कोठे चालवावयाचा नाही, हेही ज्याच्या हाती वस्तरा होता त्याने ठरविले. महाराष्ट्राने अभिमानाने स्मरावी अशी ही गोष्ट आहे.

पण प्रत्येकाच्या बोटांत मामांचे कौशल्य कोठून येणार? म्हणून वस्तऱ्यालाच आवर घालण्याची युक्ती माणसे शोधू लागली. अठराव्या शतकात फ्रान्समधील झां-झाक पेरे नावाच्या कारागिराने वस्तऱ्याच्या पात्याला लाकडी खोळ बसविली, त्यामुळे पात्याची केवळ कडच बाहेर राही. पुढे १८८० मध्ये अमेरिकेत काम्फे बंधूंनी पात्यापुढे तारेची रोखण असलेला रेझर तयार केला. तथापि या रेझरचे पाते जाड असे आणि त्यास पुनःपुन्हा धार लावावी लागे.

ही अडचण दूर केली ती किंग कॅम्प जिलेट याने. हा गृहस्थ गावोगाव फिरून बाटल्यांची बुचे विकणारा एक विक्रेता होता. त्या बुचांचा शोध विल्यम पेंटर यांनी लावला होता. लोकांनी एकदा वापरून टाकून द्यावी आणि पुन्हा विकत घ्यावी अशी एखादी वस्तू शोधून काढ, असा सल्ला त्यांनी जिलेटला दिला. १८९५ मध्ये एके सकाळी बोथट वस्तरा हाती असताना जिलेटला कल्पना सुचली : पोलादाच्या पातळ पत्र्यालाच दोन्ही कडांना धार लावली तर? बोथट झाला की टाकून द्यावा! जाणकारांनी मान हलविली. इतक्या पातळ पोलादाला कठीणपणा आणि धार देणे शक्यच नाही, असे त्यांचे मत पडले. अखेर १९०१ मध्ये विल्यम निकर्सन नावाचा अभियंता या कामात शिरला आणि त्याने ते साधून दाखविले. १९०३ या पहिल्या वर्षी अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती विकली गेली. पुढच्याच वर्षी रेझरांची विक्री नव्वद हजारांवर गेली! पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले. युद्ध संपवून सैनिक घरी परतले, ते स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय घेऊनच.

आता या रेझरची रचना पाहा. त्याचे तीन भाग असतात. खाली दांडा, मधे कंगोरे असलेली तबकडी आणि वर किंचित फुगीर टोपण. तबकडी आणि टोपण यांच्या मधे पाते ठेवून दांडा फिरविला की पाते धनुष्यासारखे वाकते. पात्याची जाडी एका मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. सुटे असताना ते लवलवते. वाकविले की ताठ होते. खरे वाटत नसेल तर एक कागद हाती घ्या. सपाट धरलात तर तो खाली लोंबेल. किंचित पन्हळीसारखा वाकवून धरलात तर ताठ उभा राहील. तीच ही किमया. शिवाय तबकडीची कड पात्याच्या अगदी पुढ्यात उभी असते. ती कातडी मागे सारते आणि धारेला केसापुरतीच वाट देते. धार काढून घेतलेली नाही, तिला मर्यादा घातली आहे, एवढेच.

तरीही हे अवजार घाईखोराचे लाड करीत नाही. आधी कोमट पाण्याने चेहरा भिजवावा लागतो. पाणी शोषून केस मऊ झाला की कापावयास कमी बळ पुरते. मग ब्रशने साबणाचा दाट फेस करावा. नंतर पाते गालाशी सुमारे तीस अंशांचा कोन करील अशा बेताने रेझर टेकवून केसांच्या वाढीच्या दिशेने सरकू द्यावा. सरकू द्यावा म्हणतो, दाबावा म्हणत नाही. त्याचे स्वतःचे वजन पुरेसे असते. दाब दिला की रक्ताचा ठिपका उमटलाच. शेवटी थंड पाणी आणि तुरटी. ही दहा मिनिटे मला दिवसातील सर्वांत शांत मिनिटे वाटतात.

आठवड्याभरात पाते बोथट होते. मऊ केस कठीण पोलादाला कसा हरवितो, या प्रश्नाचा शोध अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी घेतला आणि २०२० मध्ये तो प्रसिद्ध केला. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण. परंतु केस कापताना वाकतो आणि धारेच्या एखाद्या दुबळ्या जागी सूक्ष्म टवका उडवितो. असे टवके उडत गेले की पाते दाढी करण्यास निरुपयोगी होते.

येथेच माझ्या कथनाचा मुख्य भाग सुरू होतो. दाढीला बोथट झालेले पाते बोटाला बोथट नसते! रेझरमधून काढताच त्याचा आवर सुटतो आणि उरते ती दोन्हीकडून उघडी धार. मुख्याध्यापक असताना मुलांच्या कंपासपेटीत मला अशी मोडकी पाती पुष्कळदा सापडत. पेन्सिलीला टोक काढण्यासाठी ती घरून आणलेली असत. मी प्रत्येक वर्गात एकेक टोकयंत्र ठेविले आणि पाती गोळा करून घेतली. मुले काही दिवस रुसली. पण कापलेली बोटे दिसेनाशी झाली.

‘वापरा आणि टाका’ ही कल्पना सर्वस्वी वाईट होती, असे मी म्हणणार नाही. आज नाभिकाच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे अर्धे पाते वस्तऱ्यात घालतात, त्यामुळे एकाचा रोग दुसऱ्याला होण्याचे टळते. खेड्यापाड्यांतील सुईणींना बाळंतपणासाठी जो स्वच्छ संच दिला जाई, त्यात नाळ कापण्यासाठी एक कोरे पाते असे. धनुर्वातापासून कित्येक बाळांना वाचविण्यात त्या पात्याचा वाटा आहे. वापरण्याचा भाग उत्तमच जमला. विचार राहून गेला तो टाकण्याचा.

गेल्या शतकात अमेरिकेतील पुष्कळ घरांत न्हाणीघरातील कपाटाला मागच्या बाजूस एक बारीक फट ठेवीत. वापरलेले पाते त्या फटीत सरकविले की ते भिंतीच्या पोकळीत पडे. घरमालकाच्या दृष्टीने ते संपले! पण पुढे ती भिंत पाडणाऱ्या मजुरांपुढे गंजलेल्या पात्यांचा ढीग कोसळे. डोळ्यांआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही. ती दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहत बसते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत घंटागाडीवर येणाऱ्या मावशींच्या तळहाताला भलीमोठी पट्टी दिसली. भाजीच्या देठांत कोणीतरी उघडे पाते टाकले होते. चार टाके पडले होते आणि आठ दिवसांची मजुरी बुडाली होती. “कोणाच्या घरचे, ते कसे सांगू गुरुजी? कचऱ्याला नाव नसते,” एवढेच त्या म्हणाल्या.

माझी नात तेव्हा सहावीत होती. ती तडक घरात आली आणि म्हणाली, “आजोबा, तुमची जुनी पाती कोठे जातात?” मी तिला फळीखालचा पत्र्याचा डबा दाखविला. त्याच्या झाकणाला पाते शिरेल एवढीच चीर आहे. तिने लगेच हिशेब मांडला. आठवड्याला एक पाते, म्हणजे वर्षाला बावन्न. एकावर एक रचली तर जाडी अर्धा सेंटिमीटर. चाळीस वर्षांची रास एकवीस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एक वीत! एका माणसाच्या जवळजवळ सबंध आयुष्याची धार एका लहानशा डब्यात मावते, मग ती मोकळी सोडण्याचे कारण काय?

त्याच दिवशी तिने आळीतील घरोघर जाऊन असे डबे करावयास सांगितले. कोणी हसले, कोणी ‘बघू’ म्हणाले, पण नऊ घरांत डबे झाले. डबा भरला की चीर चिकटपट्टीने बंद करावयाची, वर मोठ्या अक्षरांत ‘पाती, सांभाळून’ असे लिहावयाचे आणि कचऱ्यात न टाकता सांगून हाती द्यावयाचे, असा नियम ठरला.

बालमित्रांनो, पुढे तुमच्या हाती नाना प्रकारची धार येईल. कोणाच्या हाती शस्त्रक्रियेची सुरी असेल, कोणाच्या हाती लेखणी, आणि जीभ तर सर्वांनाच आहे. धार असू द्या. बोथट वस्तूने कोणतेही काम नीट होत नाही. पण त्या धारेपुढे कोणाचा हात येणार आहे, याचा विचार आधी करा.

गेल्या महिन्यात आमच्या घरचा डबा भरला. नातीने तो मावशींच्या हाती दिला. त्यांनी वरची अक्षरे सावकाश वाचली, डबा गाडीच्या पुढच्या बाजूस वेगळा ठेवला आणि पुढच्या दारी घंटा वाजविली.