इहागेचा डावखुरा कॅमेरा

एल्बेतीरींच्या ड्रेस्डेन नगरांत प्रवासी राजवाडे पाहतात. आम्ही मात्र स्ट्रीसेन भागांतील तांत्रिक संग्रहालयाकडे वळलों. अर्नेमान कंपनीच्या जुन्या कारखान्यांतच तें वसलें आहे. लायका सर्वांस ठाऊक. पण याच शहरच्या इहागेचें नांव संग्राहकांबाहेर फारसें कोणी जाणत नाहीं. कंपनीच्या तीन आद्याक्षरांचा जर्मन उच्चार ई-हा-गे. तेंच तिचें नांव झालें.

योहान स्टेनबर्गेन या डच गृहस्थानें ती १९१२ सालीं स्थापिली. तिचा १९३६ चा ‘किने एक्झॅक्टा’ म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या अगदीं पहिल्या आरसायुक्त कॅमेऱ्यांपैकीं एक. भिंगांतून आलेलें दृश्य आरशावरून वरच्या काचेवर पाहावें, आणि कळ डाव्या हातानें दाबावी! आरंभींच्या थोड्या नगांवर दृश्य मोठें करून दाखविणारें भिंग वाटोळें होतें, पुढें तें आयताकृति झालें. संग्राहक त्या वाटोळ्याच्याच शोधांत असतात.

फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावांत नगराबरोबर इहागेचा कारखानाही नष्ट झाला. पुढें काम पुन्हा उभें राहिलें खरें. पण आज एक्झॅक्टा कोठेंच घडत नाहीं. म्हणून उरला तो नग कपाटांत कोंडावा काय? वापराविना त्याचा कापडी पडदा ताठरतो. आवृत्ति थांबली कीं पाठ श्लोकही विसरतो, तशांतलेंच हें. संग्राहकानें वर्षांतून चारदोन चित्रें तरी काढावीं. त्या कारागिरांचें खरें स्मरण तेंच, असें आम्हांस वाटतें.