आकड्यांना चौकट हवीच

आज दिवसभर बाजारभावाच्या वेबपानात डोकं घातलं होतं. लासलगाव, पिंपळगाव, मनमाड. प्रत्येकापुढे कांद्याचा किमान, कमाल आणि सरासरी दर. आधीच्या माणसानं सगळं डिव्हमध्ये रचलेलं. दिसायला अगदी सुतात. पण एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून कानांनी वाचायला गेलं की नुसती आकड्यांची माळ. कुठला दर कुठल्या बाजाराचा, पत्ताच लागत नाही.

टेबल याच कामासाठी आहे. १९९७ साली एचटीएमएल ३.२ ने त्याला अधिकृत जागा दिली आणि लोकांनी त्यात अख्खी पानंच कोंबली: मेनू एका खणात, जाहिरात दुसऱ्यात. पुढे सीएसएस रुळलं आणि टेबलाची इतकी बदनामी झाली की खऱ्या आकडेवारीलाही ते वापरायला लोक कचरू लागले. हे सोवळं मला पटत नाही, म्हणून सगळे भाव टेबलात घेतले.

वरच्या मथळ्यांना टीएच आणि स्कोप 'कॉल' दिलं, बाजारांच्या नावांना स्कोप 'रो'. आता कंट्रोल-ऑल्ट धरून खालचा बाण दाबला की आधी 'पिंपळगाव' ऐकू येतं, मग दर. उजवीकडे सरकलं की 'कमाल दर'.

एकट्या बाजाराचा पत्ता, वेळ, सुट्टीचा वार यांना मात्र टेबल कशाला? डीएल, म्हणजे नाव-माहिती जोड्यांची यादी, पुरते. आडवं आणि उभं, दोन्हीकडून वाचून अर्थ लागला तरच मी टेबलाकडे वळते.

कॅप्शन राहिलंय. त्यात तारीख आणि 'रुपये प्रति क्विंटल' हवंच, नाहीतर कुणीतरी किलोचा भाव समजायचा.