काच नसलेली खोली

फ्यूजन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? थोडा तबला, थोडी गिटार, मागे कॉम्प्युटरचे बीट्स. झालं फ्यूजन! पण बॉस, हे रसायन खरं कसं जमतं ते बघायचं असेल तर इंग्लंडमधल्या विल्टशरचं बॉक्स गाव गाठा. मी गेले ते ‘आफ्रो केल्ट साउंड सिस्टिम’च्या प्रेमापायी.

बाथ शहरापासून बॉक्स जेमतेम आठ किलोमीटर. हिरव्या टेकड्या, मधाच्या रंगाच्या दगडांची घरं आणि ओढ्याकाठची जुनी पाणचक्की. गायक पीटर गॅब्रिएलने १९८०च्या दशकात तिथे चक्क स्टुडिओ थाटला, रिअल वर्ल्ड. नुसरत फतेह अली खान यांचा ‘मस्त मस्त’ (१९९०) इथलाच.

नेहमीच्या स्टुडिओत वादक काचेच्या एका बाजूला, रेकॉर्डिंग करणारे दुसऱ्या. इथल्या ‘बिग रूम’मध्ये ती काचच नाही. कन्सोल आणि कलाकार एकाच खोलीत, खिडकीबाहेर पाणी.

या गावात १९९५च्या उन्हाळ्यात सायमन एमरसनने आयरिश आणि सेनेगलचे वादक एकत्र बसवले. बाबा माल या सेनेगली गायकासोबत काम करताना त्याला तिथली एक चाल थेट आयरिश धुनेसारखी वाटली होती. मग काय! एकवीस तारांचा कोरा, आयरिश पाइप्स, बोलका ढोल, आयरिश भाषेत गाणारा इअरला ओ लिनॉर्ड आणि खाली प्रोग्रॅम केलेले बीट्स. १९९६मध्ये पहिला अल्बम आला. पुढे जॉनी कालसीचा पंजाबी ढोलही यात मिसळला.

सगळं गोडगोड मात्र नव्हतं. १९९७मध्ये दुसऱ्या अल्बमचं काम चालू असताना कीबोर्डवादक जो ब्रूस दम्याने गेला. तिशीही गाठली नव्हती त्याने. बँड पार कोलमडला. त्याच्या आठवणीत सिनेड ओ’कॉनर ‘रिलीज’ हे गाणं गायली आणि १९९९चा अल्बमही त्याच नावाने आला. आज ते ऐकताना आणखी गलबलतं, कारण २०२३मध्ये सायमन आणि सिनेड दोघंही गेले.

दिवसभर चार देशांशी कॉन्फरन्स कॉल करणाऱ्या आपल्यासारख्यांना बॉक्स एक साधी गोष्ट सांगतं. सॅम्पल मेलवर पाठवता येतं, पण दुसऱ्याचा श्वास ऐकायला एका खोलीत बसावं लागतं. जो गेल्यावर बाकीचे पुन्हा वाजवू शकले, ते म्हणूनच असं मला वाटतं.

स्टुडिओ आजही चालू आहे, त्यामुळे उगाच आत डोकावता येत नाही. गावात रेल्वे स्टेशन उरलेलं नाही. लंडनच्या पॅडिंग्टनहून दीडेक तासात बाथ, तिथून पुढे बस. गाडीतून येताना बाथच्या अलीकडे १८४१चा, जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा बॉक्स बोगदा लागतो. त्या अंधारात हेडफोन लावा आणि ‘रिलीज’ सुरू करा. बोगदा संपला की डोळे उघडा!