आकडा कुणाचा, कुठला, कधीचा?

मूल्यांकनासाठी नॅकची भेट जवळ आली, क्रमवारीसाठी एनआयआरएफची माहिती भरायची वेळ आली किंवा कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, मुलाखती लागल्या, की ग्रंथालयात निरोप येतो: सगळ्या प्राध्यापकांची सायटेशन आणि एच-इंडेक्स उद्यापर्यंत काढून द्या. ग्रंथपाल स्कोपसचा डेटाबेस उघडतो, एक्सेलची फाइल तयार होते, वर जाते, आणि त्या आकड्यांशी ग्रंथालयाचा संबंध तिथेच तुटतो. माझं म्हणणं असं, की या कामाची सुरुवात निरोपाच्या कितीतरी आधी व्हायला हवी आणि फाइल गेल्यावरही ते सुटू नये. कुणाचं संशोधन चांगलं आणि कुणाचं सुमार हे ठरवणं ग्रंथालयाचं काम नाही, ते त्या त्या विषयातल्या जाणकारांचं. पण हा निवाडा ज्या नोंदींवर उभा राहतो त्या खऱ्या आहेत, याची हमी विद्यापीठात ग्रंथालयाइतकी नीट कुणीच देऊ शकत नाही.

मुळात सायटेशन मोजण्याची कल्पना ग्रंथालयाच्या गरजेतूनच आली. 1927 साली अमेरिकेतल्या पोमोना कॉलेजमधल्या ग्रॉस आणि ग्रॉस यांनी रसायनशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकातले संदर्भ मोजले, ते छोट्या कॉलेजने मोजक्या पैशांत कोणती नियतकालिकं घ्यावीत हे ठरवण्यासाठी. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी ग्रंथालयाच्या कामाला संख्याशास्त्र लावायची सूचना 1948 मध्ये केली. यूजीन गारफील्ड यांचा सायन्स सायटेशन इंडेक्स 1964 च्या सुमारास आला, तोही आधी लेख शोधण्याचं साधन म्हणूनच. त्यातून पुढे आलेला इम्पॅक्ट फॅक्टर सांगतो, की एखाद्या नियतकालिकाच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाली. तो त्या नियतकालिकाबद्दल बोलतो, त्यात छापलेल्या एकेका लेखाबद्दल किंवा लेखकाबद्दल नाही. नियतकालिकं निवडायचं माप माणसं निवडायला कधी लागलं, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माप कशासाठी बनलं आणि कुठे चालत नाही, हे सांगणं म्हणूनच ग्रंथपालाकडे येतं.

आता नोंदीचा प्रश्न जवळून पाहू. भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी 2005 मध्ये मांडलेला एच-इंडेक्स सोपा आहे: एच इतक्या लेखांना प्रत्येकी किमान एच सायटेशन असली पाहिजेत. समजा एका प्राध्यापिकेचे आठ लेख आहेत आणि त्यांची सायटेशन 30, 18, 11, 9, 7, 6, 4 आणि 2 अशी आहेत. एच-इंडेक्स 6 आला. पण काही लेख लग्नाआधीच्या आडनावाने छापले गेले आणि डेटाबेसने त्यांच्या दोन व्यक्ती केल्या. एकीकडे 30, 11, 7, 4 गेले, दुसरीकडे 18, 9, 6, 2. पहिलीचा एच-इंडेक्स 4, दुसरीचा 3. खरा 6 कुठेच दिसत नाही, आणि घाईत दोन्हींची बेरीज करून कुणी 7 लिहिला तर तोही खोटाच. आपल्याकडे असं वरचेवर होतं. कुणी आद्याक्षरं लिहितं, कुणी वडिलांचं नाव मध्ये घालतं, आणि एकाच आद्याक्षराचे चार कुलकर्णी एकाच विभागात निघतात. विद्यापीठांच्या नावांचंही तेच. मराठवाडा विद्यापीठाचा 1994 मध्ये नामविस्तार झाला. पुणे विद्यापीठाला 2014 मध्ये सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं, जळगावच्या विद्यापीठाला 2018 मध्ये बहिणाबाईंचं, सोलापूरच्या विद्यापीठाला 2019 मध्ये अहिल्यादेवींचं. जुनं नाव, नवं नाव, त्याची इंग्रजी आद्याक्षरं आणि नुसतं कॉलेजचं नाव लिहिलेले लेख एका संस्थेखाली आणायचे, तर त्यासाठी लागणारी ऑथॉरिटी फाइलची, म्हणजे एका नावाची सगळी रूपं एका ठरलेल्या रूपाशी जोडण्याची, शिस्त तालिकीकरणात पहिल्यापासून आहे.

यावर पहिला आक्षेप येतो, की हे आता सॉफ्टवेअर करतं, त्यासाठी माणूस कशाला? सॉफ्टवेअर जुळवाजुळव करतं खरं, पण ती अंदाजाने. लग्नानंतरचं आडनाव आणि आधीचं आडनाव एकाच बाईचं आहे हे सांगणारा कागद त्याच्यापुढे नसतो, विद्यापीठापुढे असतो. 2012 पासून संशोधकाला मिळणारा ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक हा यावरचा चांगला उपाय आहे. पण क्रमांक काढून रिकामं ठेवलेलं खातं काही कामाचं नाही. ते भरून घेणारं आणि दरवर्षी तपासणारं कुणीतरी लागतंच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. संशोधनाची मोजदादच मुळात घातक आहे, आकड्यांच्या मागे लागून लोक एका लेखाचे तीन करतात, पैसे घेऊन छापणारी नियतकालिकं त्यावर पोसली जातात, मग ग्रंथालयाने या पापात का पडावं? यातलं निदान मला मान्य आहे, उपाय मान्य नाही. एनआयआरएफच्या विद्यापीठ-क्रमवारीत संशोधनाला 30 टक्के वजन आहे आणि लेखांचे आकडे स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समधून घेतले जातात. ग्रंथालय बाजूला झालं म्हणून ही मोजणी थांबणार नाही. तिच्यात काय सुटतं, हे सांगणारा तेवढा नाहीसा होईल. आणि सुटतं ते थोडंथोडकं नाही. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 मध्ये हाती घेतली गेली आणि 1966 मध्ये पुरी झाली. असं काम पाच वर्षांच्या तक्त्यात कुठे बसवणार? 'नवभारत' किंवा 'समाज प्रबोधन पत्रिका' या मराठी नियतकालिकांतलं लेखन स्कोपसच्या हिशेबात येत नाही. संपादित ग्रंथ, कोशातल्या नोंदी, भाषांतरं, बोलींची सर्वेक्षणं यांची दखल तिथे घेतली तर तुटपुंजीच. 2015 च्या लायडन जाहीरनाम्यात स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला जपा आणि ज्याचं मूल्यमापन होतं त्याला स्वतःची माहिती तपासू द्या, अशी दोन तत्त्वं आहेत. ती अंमलात आणायला विद्यापीठाची स्वतःची, सर्व प्रकारचं लेखन नोंदवणारी वही हवी, आणि ती ठेवायची जागा ग्रंथालयच.

तिसरी अडचण मनुष्यबळाची. ग्रंथालयांत जागा रिक्त आहेत, असलेल्यांवर कामाचा बोजा आहे, हे खरंच आहे. म्हणून नवं दालन उघडायला नको, चालू कामातच हे बसवावं. पीएचडीचा विद्यार्थी प्रबंध देताना साम्य-तपासणीसाठी, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात टाकायच्या प्रतीसाठी आणि नो-ड्यूजसाठी ग्रंथालयात येतोच. त्याच वेळी त्याचा ऑर्किड, नावाचं कायम वापरायचं एक रूप आणि संस्थेचं ठरलेलं नाव लिहून घेतलं, तर पुढच्या तीस वर्षांचा गोंधळ सुरुवातीलाच कमी होतो. नियतकालिकांच्या बाबतीत तर आता टाळाटाळ चालणारच नाही. यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी 2025 मध्ये बंद केली आणि कोणतं नियतकालिक विश्वासार्ह हे ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर आली. संपादक मंडळ खरं आहे का, लेख तज्ज्ञांकडून तपासले जातात का, आयएसएसएन त्याच नियतकालिकाचा आहे का, हे पाहणं ग्रंथपालाच्या रोजच्या सवयीतलं आहे.

तेव्हा ग्रंथालयातून जाणाऱ्या प्रत्येक आकड्यासोबत पाच गोष्टी असाव्यात: कोणत्या डेटाबेसमधून घेतला, कोणत्या तारखेला, किती वर्षांचा, नावाची कोणती रूपं एकत्र केली, आणि कोणतं लेखन त्यात आलेलं नाही. सहावी गोष्ट म्हणजे ज्याचा आकडा त्याची सही. समितीला घाई असेल, एकच रकाना हवा असेल, तरीही हे रकाने वगळलेल्या तक्त्यावर ग्रंथपालाने ग्रंथालयाचा शिक्का मारू नये.