नुसतं टेबल पुसलं होतं!

मुलांनो, चूक झाली की कबूल करावी, असं मी वर्गात दिवसातून चारदा तरी सांगते. आज माझीच एक चूक ऐका.

आमच्या शाळेत एक जुना संगणक आहे. त्यातल्या विंडोज १० साठी कंपनीची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ काही त्या म्हाताऱ्याला झेपणारं नव्हतं. मग दिवाळीच्या सुट्टीत माझ्या धाकट्या भावानं त्यावर लिनक्स बसवून दिलं. (हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये ते लिहायला घेतलं, तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा विद्यार्थी होता बरं का!) आलोच आहे तर म्हणून भावानं सीपीयूचं झाकण उघडून रॅमची एक पट्टीही वाढवली. हे झाकण उघडल्याचं तुम्ही ध्यानात ठेवा. मी विसरले होते.

त्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर आमचा खजिना आहे. दोन वर्षं आमची चौथीची मुलं आपापल्या आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेत होती, मोबाइलवर रेकॉर्ड करून आणत होती. त्यांतल्या एक आजी उन्हाळ्यात वारल्या. त्यांचा आवाज आता फक्त त्या डिस्कवर. दुसरी प्रत? काढू, काढू म्हणत राहूनच गेली. पालकांनो, हसू नका. तुमच्या मोबाइलमधल्या फोटोंची तरी आहे का?

सुट्टी संपली आणि पहिल्याच आठवड्यात संगणक रुसला. मध्येच गोठायचा. कधी फायली उघडायच्या, पण नवीन काही साठवू म्हटलं तर नाही म्हणायचा. एकदा तर डिस्कच दिसेना. मी धावत गेले, तर तिथं चौथीतला एक मुलगा फडकं घेऊन उभा. (नाव सांगत नाही, त्यानं तसं बजावलंय.)

"काय दाबलंस?"

"काही नाही बाई. नुसतं टेबल पुसलं. ते हललं आणि हे बंद पडलं."

"खोटं बोलू नकोस!" मी सगळ्यांदेखत ओरडले. तो गप्प झाला. दोन दिवस फळ्याजवळसुद्धा आला नाही.

इकडे सगळ्यांचं एकच म्हणणं, दोष नव्या लिनक्सचा, जुनंच परत बसवा. मलाही ते पटलं होतं. पण फोनवर भाऊ म्हणाला, "ताई, काही पुसू नकोस. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघ." त्यानं सांगितलं तसं मी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं. त्याला हार्ड डिस्क लागत नाही. दुपारभर संगणक छान चालला! म्हणजे लिनक्स ठीक, गडबड डिस्ककडेच. आधी सगळ्या ओव्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतल्या. मध्ये दोनदा काम अडलं, तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं.

आता ही डिस्क असते कशी? आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. आमच्या डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ७२०० वेळा फिरतात. आपला छताचा पंखा जोरात फिरला तरी साडेतीनशे-चारशे फेरेच घेतो! १९५६ मध्ये आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क आणली, तिच्यात दोन-दोन फूट रुंदीच्या ५० तबकड्या होत्या. एवढं करून मावायची पन्नास लाख अक्षरं. मोबाइलमधला एखादा मोठा फोटो मावला तर मावला.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची वहीही ठेवते. स्मार्ट असं तिचं नाव. लिनक्समध्ये ती उघडून बघता येते. तिच्या ५ क्रमांकाच्या ओळीत तबकडीवरच्या बाद झालेल्या जागा मोजलेल्या असतात. तिथं होतं शून्य. डिस्क ठणठणीत! पण १९९ क्रमांकाच्या ओळीत ३१८. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत माहिती किती वेळा बिघडली, ते ही ओळ मोजते. आणि ती वाट म्हणजे एक साधी चपटी केबल.

तेव्हा कुठे मला ते वाक्य आठवलं. 'टेबल हललं आणि हे बंद पडलं.' एक मोठी फाइल उघडायला लावली आणि टेबल हलवलं. संगणक गोठला. वहीत बघितलं, तर ३२६.

वीज बंद करून, प्लग काढून झाकण उघडलं. रॅम बसवताना भावाचा हात लागला असणार, केबलचं टोक अर्धवट निसटून लोंबत होतं. म्हटलं, जुनी नकोच. शंभर-दीडशे रुपयांची नवी केबल आणून लावली. मग टेबल इतकं हलवलं, की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. आकडा हलला नाही.

म्हणजे त्या मुलानं पहिल्याच दिवशी बिघाड अचूक सांगितला होता, आणि मी त्याला खोटारडा ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखतच त्याची माफी मागितली. तो लाजून खाली बघत राहिला. मग आम्ही त्या आजींची ओवी लावली. ती संपल्यावर तो हळूच जवळ आला.

"बाई, आकडा वाढला?"

"नाही. ३२६च आहे."

"मग परत शून्य कधी होणार?"

"नाही रे होत. ती वही फक्त लिहिते, खोडत नाही."

त्यानं जरा विचार केला, फडकं उचललं आणि टेबल पुसायला लागला. चांगलं जोरजोरात.