कालाढुंगीचा निवृत्त कर्नल

नरभक्षक वाघांचा शिकारी ही लेफ्टनंट कर्नल जिम कॉर्बेट (१८७५–१९५५) यांची ख्याती इतकी वाढली, की त्यांच्यातील फौजी आणि छांदिष्ट गृहस्थ हे दोघेही तिच्या सावलीत गेले. वस्तुतः त्यांचा कनवाळूपणा समजून घ्यायचा तर बंदुकीपेक्षा याच दोघांकडे अधिक पाहावे लागते.

नैनितालमध्ये जन्मलेल्या कॉर्बेट यांनी उमेदीची वीसहून अधिक वर्षे बिहारमधील मोकामा घाटावर, गंगापार जाणाऱ्या रेल्वेमालाच्या चढउताराचा ठेका सांभाळण्यात घालवली. तेथील कामगारांच्या मुलांसाठी त्यांनी स्टेशनमास्तर रामसरन यांच्यासह शाळा काढली, तेव्हा निरनिराळ्या जातींची मुले एका झोपडीत बसू शकत नाहीत, पण भिंती नसलेल्या छपराखाली बसायला रूढीची हरकत नाही, असे ध्यानात आल्यावर झोपडीच्या भिंतीच काढून टाकण्यात आल्या. पुढे १९१७ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, ते ५०० कुमाऊँनी माणसांची श्रमिक तुकडी, म्हणजे लढण्याऐवजी आघाडीमागची अंगमेहनतीची कामे करणारे दल, घेऊन फ्रान्सला गेले. डोंगर सोडून कधी बाहेर न पडलेल्या या माणसांपैकी जवळजवळ सर्वांना त्यांनी सुखरूप घरी आणले, आणि त्यांच्या फौजी कारकिर्दीतील हीच कामगिरी सर्वांत मोठी मानावी लागेल. दुसऱ्या महायुद्धात, पासष्टी ओलांडूनही, त्यांनी जवानांना जंगलात तग धरण्याचे धडे दिले.

महसीर माशाची गळाने शिकार, पक्ष्यांच्या हुबेहूब नकला आणि सुतारकाम हे त्यांचे जुने छंद होते; परंतु त्यांना आतून बदलले ते कॅमेऱ्याने. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांची वाघांची छायाचित्रे पाहून ते चलच्चित्रणाकडे वळले, आणि यंत्राच्या घरघरीने वाघ बुजतात हे कळल्यावर त्यांनी रानातील ओहोळाला लहान बांध घालून पाण्याचा असा खळखळाट निर्माण केला, की त्यात कॅमेऱ्याचा आवाज बुडून जावा. अर्थात हे परिवर्तन एका रात्रीत झाले नाही, आणि चरित्रकारांनी ते तसे रंगवूही नये: कोणाही माणसाच्या वाटेला न गेलेला पवलगढचा प्रचंड वाघ त्यांनी १९३० मध्ये निव्वळ शिकारीसाठी टिपला होता, आणि व्हाइसरॉयच्या शिकारींची व्यवस्था ते त्यानंतरही पाहत राहिले. उलट याच काळात संयुक्त प्रांतात राष्ट्रीय उद्यान व्हावे म्हणून त्यांनी खटपट केली, आणि ते उद्यान १९३६ मध्ये अस्तित्वात आले.

कालाढुंगीजवळच्या छोटी हल्द्वानी या गावाचे ते जमीनदार होते. तथापि रानडुकरांनी कुळांची पिके उद्ध्वस्त करू नयेत म्हणून गावाभोवती दगडी भिंत त्यांनी स्वखर्चाने उभारली, आजाऱ्यांना घरच्या ओसरीवर औषधे दिली आणि १९४७ मध्ये बहीण मॅगी यांच्यासह केनियाला जाण्यापूर्वी जमिनी कसणाऱ्यांच्याच हवाली केल्या. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ हे त्यांचे पुस्तक १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने काढले, आणि पहिल्या आवृत्तीचे स्वामित्वधन, म्हणजे विक्रीतील लेखकाचा वाटा, त्यांनी युद्धात दृष्टी गमावलेल्या हिंदी जवानांच्या वसतिगृहाला देऊन टाकले.